वजनाची वही

अंगणवाडीत सोमवारी वजनं असतात.
छताच्या कडीला काटा, काट्याला झोळी,
झोळीत रडणारं मूल.
पाय झाडायचं थांबलं की मी आकडा वाचते.

त्या सोमवारी लाडी आणि पूर्वेश आले नाहीत.
मी वहीत लिहिलं, गैरहजर.
दुपारी कळलं.

विहीर गुलाब आप्पांच्या केळीतली.
सिंधू तिथंच रोजानं जायची, पिलं कापायला.
झाडाच्या बुडाशी फुटलेलं एक पील राखायचं,
बाकीची विळ्यानं छाटायची,
नाहीतर घड पोसत नाही.
हे तिच्या वकिलानं अमळनेरच्या कोर्टात सांगितलं.
न्यायाधीश म्हणाले, मुद्द्याचं बोला.

ती वाचली.
मोटारीचा पाइप हाताला लागला
की हातानं शोधला,
यावर गाव अकरा वर्षं पारावर बसलंय.
त्या साली आमच्या गल्लीत कानबाई बसली नाही.
त्या विहिरीचं पाणी कुणी प्यायलं नाही,
केळीला दिलं.
घड मोठे आले. ट्रक भरून दिल्लीला गेले.

कुणी म्हणतं नवरा, कुणी सासू,
कुणी म्हणतं बाहेरचं होतं.
मला आधीचा गुरुवार आठवतो.
खाऊचे पुडे पदरात घेताना म्हणाली होती,
"रातले झोपच लागस नही, ताई."
मी म्हटलं, लोहाच्या गोळ्या घे.
आणि सही घेतली.

परवा आली, चोपड्याच्या एस्टीनं.
चप्पल बाहेर काढून उंबऱ्याशी उभी.
आया आपापली पोरं उचलून निघून गेल्या,
एकीची तर वाटीही राहिली.
"त्यासनं शेवटलं वजन कितलं व्हतं?"

जुन्या वह्या रद्दीत द्यायच्या असतात.
ती एक मी दिली नव्हती,
कपाटात तांदळाच्या गोणीमागं होती.
लाडी, अकरा किलो चारशे.
पूर्वेश, सात नऊशे. हिरव्या पट्ट्याच्या जरा खाली.

तिनं दोन्ही हात पुढं केले,
काहीतरी तोलल्यासारखे
आणि तसेच धरून ठेवले.
"नही," म्हणाली, "पूर्वेश इतला नव्हता.
पानीमा हलका लागना."

मला काही बोलता आलं नाही.
रिकामी झोळी वाऱ्यानं फिरत होती,
काटा शून्यावर नव्हता.
झोळीचंच दोनशे ग्रॅम भरतं,
ते वजा करायचं असतं.
मी कधीकधी विसरते.