परनाल्याचं स्पेलिंग

लघाटेसाहेबांच्या ऑफिसात दोन वर्गण्या चालू आहेत,
एक निळी साइट, एक पिवळी.
खरी नावं फक्त बिल आल्यावर उच्चारली जातात.

जयेंद्रगंजात रात्रीचे साडेनऊ.
खालच्या गजकवाल्यानं शटर ओढलं.
माझ्यापुढे रामदेई बाथमची फाइल:
तिच्या छपराचं पाणी पन्नास वर्षं
शेजाऱ्याच्या अंगणात पडतंय,
आणि शेजाऱ्याला आता तिथं दुकान घालायचंय.
उद्या अकराला सुनावणी.

निळ्याला मी साधंच विचारते, माणसाला विचारावं तसं:
आपल्या छताचं पाणी
दुसऱ्याच्या जमिनीत पाडायचा हक्क असतो का?
निळा मनकवडा. वाक्य पुरं व्हायच्या आत
चार हजार तीनशे बारा निकाल
पानात वाढतो, नको नको म्हटलं तरी.
त्यात धरणं, नगरपालिकेची गटारं,
गोदामात भिजलेल्या कापसाचा विमा,
आणि कुणाचा तरी घटस्फोट,
तोही पाण्यावरूनच.

पिवळा सोवळ्यातला.
अवतरणचिन्हात द्याल तेवढंच शिवणार.
छप्पर आणि पाणी, मध्ये पाचाहून जास्त शब्द नकोत,
असं बजावलं.
शून्य.
शब्दाच्या शेपटीला तारका लावली.
शून्य.
पिवळ्याचं शून्य मला आवडतं.
निदान खोटी आशा लावत नाही.

मग कळतं, की यंत्राला विचारून उपयोग नाही.
सत्तर वर्षांपूर्वी उकाड्यात बसलेल्या
एका न्यायाधीशाच्या तोंडी कुठला शब्द आला असेल,
तो मला आधी सुचला पाहिजे.
आम्ही घरी पन्हळ म्हणतो. रामदेई परनाला म्हणते.
ते लिहिणार इंग्रजीत, पण कुठल्या इंग्रजीत?
स्पाउट, गटर, ड्रेन, ईव्ह्ज,
एकेक शब्द घेऊन दोन्ही दारं ठोठावली.
निळ्यानं दर वेळी हसून या म्हटलं,
पिवळ्यानं दर वेळी आतूनच नाही.

हरविलास मुंशी थर्मासचं झाकण फिरवत म्हणाले,
"बिटिया, परनाला ही लिखो."
"लिहिला की. कुठेच नाही."
"अरे, मध्य भारत के टाइम एक स्टेनो थे यहाँ,
'ए' की जगह 'यू' ठोकते थे.
लश्कर को लुश्कर."
आणि चहा ओतायला लागले,
काही विशेष सांगितलंच नाही अशा चेहऱ्यानं.

पुर्नाला.
निळा लगेच मदतीला धावला:
तुम्हाला 'पुराना' म्हणायचं होतं का?
दोन लाख निकाल.
पिवळा क्षणभर गप्प, मग एकच ओळ.

एक निकाल. चौदा परिच्छेद.
माझी बोटं गार पडली होती, ती मी कपाला लावली
आणि नवव्या परिच्छेदापाशी आले:
पुर्नाल्याचं पाणी पडू दिलं, हा शेजारधर्म.
शेजारधर्म कितीही वर्षं पाळला
तरी त्याचा हक्क होत नाही.

म्हणजे नजीर मिळाली.
आपल्या विरुद्ध.

समोरच्या वकिलाकडे, मला ठाऊक आहे,
फक्त निळा आहे.
तो रात्रभर विचारत राहील
आणि निळा त्याला रात्रभर पुराना, पुराना सांगत राहील.
टॅब बंद करायला एक बोट पुरतं.
मुंशीजी कप विसळत होते.

लघाटेसाहेब आतून आले, मफलर गुंडाळलेला,
चष्मा कपाळावर ढकलून
स्क्रीनला नाक टेकेल इतके वाकले.
नववा परिच्छेद दोनदा वाचला असावा,
कारण ओठ दोनदा हलले.
"पुर्नाला," म्हणाले, "काय पण स्पेलिंग."
थोडा वेळ फक्त प्रिंटरचा दिवा लुकलुकला.
"तीन प्रती काढ.
एक कोर्टाला, एक आपल्याला."

तिसरी कुणाला, ते मी विचारलं नाही.
कागद दोनच उरले होते.
मुंशीजी कपाट उघडून नवं बंडल शोधू लागले,
आणि त्यांना ते पहिल्याच खणात सापडलं.