शिटी

मोपाहून सकाळची सहा-पाचची फ्लाइट.
काजूच्या पिशव्या डोक्यावरच्या कप्प्यात कोंबून
सगळे आपापल्या फोनमध्ये उतरलेत.
मी पट्टा लावते, सोडते,
हवेतल्या हवेत दोऱ्या ओढते,
दोन्ही हात पसरून दारं दाखवते,
जेवणाच्या रांगेकडे डोळे लागलेल्या मांडवातलं
पाचवं मंगलाष्टक मी.

चौदा-सी कानात बोळे घालून झोपलाय.
सतरा-एफ उजाडत्या आभाळाचा फोटो काढतोय,
फोटोत माझं कोपर.

फक्त बावीस-बी.
काणकोणचे बाबुसो पागी, पहिल्यांदाच विमानात,
शर्टाची दुकानातली घडी अजून मोडलेली नाही.
चष्मा पुसून बघतात,
सीटखाली हात घालून जाकीट चाचपतात,
शेजारच्या पोराला ढोसतात: बघ रे!

पट्टे तपासत मी जवळ येते तेव्हा
हळूच विचारतात,
"बाय, ती शिटी खरीच वाजता?"

तीन वर्षं झाली. दिवसातून चारदा
ओठांपाशी नेते.
फुंकून कधी पाहिलीच नाही.

"वाजते," मी म्हणते.

ते मान हलवतात.
"आमच्या होडीवर नव्हती."
एवढंच.
आणि आवळलेला पट्टा
आणखी एकदा आवळतात.