समासातले

सेक्रेटरी म्हणाले, बांधणीला जायच्या आत
पेन्सिलीचं सगळं खोडून टाका, कावेरीबाई.
म्हणून दुपारी, वाचनालय बंद असतं त्या वेळात,
मी ४११७ नंबर उघडला.
बाहेर यंत्रमागांचा खटखटाट.
विट्यात तो थांबला तरच माणसं दचकतात.

जाड कादंबरी. मिठाच्या शहराची.
वेशीवर एक बाई, इलुसा, कमरेला किल्ली,
आणि दाराबाहेर तिचा भाऊ,
सात वर्षांपूर्वी सगळ्यांच्या सावल्या विकून पळालेला.
उघडायचं की नाही,
एवढ्यावर चारशे बारा पानं.
मुखपृष्ठावर पंखांचा भलामोठा प्राणी आहे.
आत तो झोपलेला असतो. शेवटपर्यंत.

पान अठ्ठेचाळीस: "ह्यो उठणार कधी?"
पान नव्वद: "अजून झोपलाय."
पान एकशे तीस: "बाई नुसती विचार करतीय. काय बी घडत न्हाय."
तारखा रजिस्टरशी जुळवल्या. इकबाल मुल्ला,
रात्रपाळीत कांड्या बदलता बदलता वाचणारा.
काय बी घडत न्हाय, तरी दोनदा मुदत वाढवून नेलंय.
दोनशे सातव्या पानावर तेलाचं बोट, आणि खाली:
"झोपू दे त्याला. आता हिचं बघू."

गुरवसरांची लाल पेन्सिल ओळखायला रजिस्टर लागत नाही.
आधी वेलांट्या दुरुस्त केल्यात, मग शेरा:
"पात्र फसले. लेखकास स्त्रीमन उमगलेले नाही."
त्याखाली गोल, शाळकरी अक्षर:
"सर, तुम्हाला तरी?"
हे कुणाचं ते मी शोधलं नाही.
सापडलं असतं तर सांगावं लागलं असतं.

आणि एक अक्षर इतकं फिकट
की पान खिडकीकडे तिरकं धरावं लागतं.
"नको उघडू."
पंचेचाळीस पानांनी पुन्हा, "नको उघडू."
पुन्हा.
वैजयंता. तिचा नवरा सेलमला गलाईवर,
दुसऱ्यांचं सोनं वितळवतो;
चार वर्षं झाली, पैसे येतात.
तीनशे चाळीसाव्या पानावर तो भाऊ
माफी मागत नाही, रडत नाही,
दाराला तोंड लावून एवढंच विचारतो,
परसातलं लिंबाचं झाड आहे का अजून.
तिथं, कडेला: "उघड की गं."
मग त्यावरून एक रेघ.
खोडलंय, पण वाचता येईल असं.

खोडरबर हातात होता.
नव्वदाव्या पानापर्यंतचं मी खोडलंही,
इकबालचं ते "अजून झोपलाय" सुद्धा,
आणि चुऱ्यावर फुंकर मारताना वाटलं,
आता नव्यानं नेणाऱ्याला
एकट्यानंच वाट बघावी लागणार त्या प्राण्याची.

शेवटचं वाक्य कादंबरीत असं आहे:
इलुसानं किल्ली डावीकडे फिरवली.
संपलं. पुढं कोरं पान,
आणि कोऱ्या पानावर सगळे जमलेले:
"आमच्यात डावीकडं म्हणजे बंद."
"आमच्या घरी उघडं."
"फसवणूक! पैसे परत द्या." (पुस्तक फुकट नेलं होतं.)
"बंद करणारी बाई चारशे पानं जागी राहत नसते."
"जागं राहून काय, सवय असते ती."
लाल पेन्सिलीत एक प्रश्नचिन्ह. सरांचं,
आयुष्यात पहिल्यांदा बहुतेक.
सगळ्यात खाली, तिरकं धरल्यावर दिसणारं:
"कुठल्या बाजूनं बघतोय त्यावर असंल."

सांगलीच्या बांधणीवाल्याला मी फोन केला.
म्हटलं, शिवण घाल, पुठ्ठा घाल,
कडा कापू नकोस.
तो म्हणाला, कडा कापल्याशिवाय पुस्तक चौकोनी दिसत नाही.
नसू दे.

सेक्रेटरींना सांगितलं, खोडलं.
खोटं नव्हतं. नव्वद पानं खोडलीच होती.

संध्याकाळी वाचनालयाला कुलूप लावलं,
पार बसस्टँडपर्यंत आले,
आणि आठवलं, बघायचं राहिलं
आपली किल्ली कुठं वळते ते.