छपाईस हरकत नाही

हातेमसर पहिल्याच तासाला म्हणाले,
पडद्यावरचा काळा खरा नसतो.
खरा काळा मशीनवर कळतो,
कागद किती प्यायला त्यावरून.
मी वहीत लिहून घेतलं. तेव्हा सगळंच लिहून घ्यायचे:
सायन, मजेंटा, पिवळा, काळा,
चार पत्रे, चार फेऱ्या,
आणि कोपऱ्यातली ती केसाएवढी फुली
चारही रंगांत एकावर एक बसली
तरच चेहऱ्याचे ओठ जागेवर.

बाबांना हे कधी पटलं नाही.
"मस्कतला राहून छापखाना?
तो कणकवलीतही होता की."

दुसऱ्या वर्षी शमसानं अरबी अक्षरं शिकवली,
कँटीनच्या ट्रेवर, सांडलेल्या चहात बोट बुडवून.
आमची अक्षरं दोरीवर वाळत घातलेली,
त्यांची हातात हात घालून निघालेली, उजवीकडून.
माझं आडनाव तिनं पाचांत बसवलं:
काफ, लाम, तीन दातांचा सीन, काफ, रा.
"आणि ळ?"
तिनं जीभ टाळूला लावून बघितली. जमेना. हसली.
ळ तसाही पासपोर्ट काढतानाच गळाला होता.

जूनमध्ये वाडी कबीरच्या छापखान्यात उमेदवारी.
बाहेर डांबर मऊ, आत एसी वीसवर,
माणसांसाठी नव्हे, कागदासाठी.
दमट झाला की तो फुगतो, रुसतो, रांगेत येत नाही.
सदानंदन रीम कानाशी फडफडवतो,
कोपरा जिभेला लावून तंतूची दिशा सांगतो.
त्यानं मला शिकवलेली पहिली गोष्ट:
रंग पानाच्या बाहेर तीन मिलिमीटर न्यायचा.
का?
कापणारा हात चुकतो म्हणून.
ते तीन मिलिमीटर छापायचे, सुकवायचे,
मग कापून टोपलीत.
शाई त्यांनाही तेवढीच लागते.

बुधवारी एक घाईचं काम आलं.
सिमेंट कंपनी. निरोपाची प्रशस्तिपत्रं, एकेचाळीस.
तीनशे ग्रॅमचा कागद, कडेला निळा पट्टा, सोनेरी फॉइल,
नावं वेगवेगळी, आभार एकच.
प्रुफं तपासायला मी.
सव्विसावं पान:
एस. जी. केळसकर, स्टोअरकीपर, एकोणीस वर्षं.

मला आधी चूक दिसली.
हे सांगायला अजून लाज वाटते.
आधी चूक, मग बाबा.
अरबीत सीन गळाला होता.
आणि त्या लिपीचं असं आहे,
मधलं एक गेलं की उरलेली लगेच हात धरतात,
रिकामी जागा राहातच नाही.

घरी बाबा काही बोलले नव्हते.
सकाळी डबा घेऊन गेले होते,
लोणचं वेगळं बांधून, नेहमीसारखं.

मी लाल पेनानं सीन लिहिला. दात मोजले. तीन.
खाली चौकटीत सही करायची असते:
छपाईस हरकत नाही.
या देशात आमच्या प्रत्येक कागदावर
हरकत नसल्याचं दुसरंच कुणी लिहितं.
त्या दिवशी पेन माझ्याकडे होतं.
"मशीन थांबलंय, मोळे," सदानंदन म्हणाला.
केली सही.

पंधरा दिवसांनी जेवणं झाल्यावर
बाबांनी लिफाफा काढला, आईपुढे ठेवला.
ती वाचून उठली आणि उगाच ओटा पुसू लागली.
माझ्या पर्समध्ये तेव्हा
टोपलीतून उचललेली एक पट्टी होती,
निळी, तीन मिलिमीटर, एकही अक्षर नसलेली.
बाबांनी पत्र दिव्याकडे तिरपं धरलं,
कडेवरून अंगठा फिरवला.
"नाव बरोबर छापलंय. दरवेळी चुकवतात."
मग थोड्या वेळानं,
"कागदही बरा वापरलाय."

"तीनशे ग्रॅम," मी म्हणाले.