माप

सुभाषनगरात, पाण्याच्या टाकीमागच्या तिसऱ्या घरात
सातपुतेमामा जुन्या पेपरवर पाय ठेवायला सांगतात.
पेन्सिल बोटांभोवती फिरते, गुदगुल्या होतात.
डावा मी मोज्यातच ठेवलाय.
आठवीपासूनची सवय.

"दोन्ही ठेवा की. लाजताय काय."

उजवा आठ. डावा नऊ,
आणि करंगळी शेजारणीवर चढून बसलेली.
भिंतीत खिळ्याला कागदी पायांचा गठ्ठा:
कुणाची टाच फुगीर, कुणाला अंगठाच नाही,
एका पैलवानाचं पाऊल भाकरीएवढं गोल.

"मामा, ह्यात नॉर्मल कुठला?"

त्यांनी आरी केसांत घासली.
"त्यो हिकडं कशाला येतोय?
त्यो चप्पल लाईनीत टांगल्याला जोड घेतो
आन् महिनाभर फोड मिरवतो."

आठ दिवसांनी नेसल्यासारखा जोड घातला.
डावी करकरते, उजवी गप्प.
म्हाताऱ्यानं एकीतच विंचू घातलेला.
विचारलं, तर म्हणाला,
"थोरलीला आवाज नको व्हय?"

रंकाळ्यापर्यंत चालत गेलो.
लोक वळून बघत होते.
मीही बघत होतो,
ज्याच्या त्याच्या पायांकडं.