उजेड लावू नका

कँडीहून सात तास व्हॅनमध्ये, सेनुरीला दोनदा उलटी,
आणि लगूनमध्ये मगर म्हणून दाखवली
ती नारळाची झावळी निघाली.
नवरा तरी वहीत लिहीतच होता: खंड्या तीन, ढोकरी अकरा.
मी एकच बगळा पाहिला. तो मला पाहत होता.

रात्री किनाऱ्यावर अरियपालनं टॉर्च विझवायला लावले,
मोबाइलसुद्धा. "कासवीण उजेडाला बिचकते,
आल्या पावली परत फिरते."
मग नुसता समुद्र,
आणि वाळू उपसल्याचा आवाज,
कुणी म्हातारीनं परातीतलं पीठ खरवडावं तसा.

आत अंडी पडत असणार.
सेनुरीनं माझा हात धरला, असं तिला वाटलं.
माझे दोन्ही हात तर शालीत होते.

व्हॅनवाला दुपारी सांगत होता,
हा अरियपाल पूर्वी इथलीच अंडी उकरून
बाजारात विकायचा, शेकड्यानं.

ढग सरकला तेव्हा दिसलं:
पंजा उघडा ठेवून तो उभा,
बोटसुद्धा हलवत नव्हता,
आणि लेक त्याचा अंगठा घट्ट धरून
कुजबुजत मोजत होती,
एक्कावन्न, बावन्न...