डावा खांदा पाऊण इंच खाली

वाघाडीच्या संघाच्या जर्स्या चौदा वर्षं मी शिवते,
तेव्हा कबड्डीवर बोलायचा मला हक्क आहे.
पंचांना नसेल पटत, नको पटू दे.
ते कुणाची मापं घेत नाहीत.

सिन्नरचे दणकट, पण घोटा सापडला की
नुसते ओढत बसतात, बैल चिखलात ओढतो तसे.
निफाडची पोरं गुणी, मात्र द्राक्षं काढणीला आली
की सातातली चार येतात, उरलेली फोनवर.
येवल्याची साखळी पकड बघावी,
कुणाचा हात कुठं संपला कळत नाही.
त्यांच्याकडून हरलो तर मी घरी येऊन जेवते.

जेल रोडकडून हरलो तर नाही.
जेल रोडबद्दल मी फार बोलत नाही.
एकोणीसच्या फायनलला त्यांच्या कोपऱ्याचा पाय बाहेर पडला,
चुन्यावर अंगठा उमटला, अख्ख्या मैदानानं पाहिला,
पंच तेवढ्यात घड्याळ बघत होते.
तो अंगठा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.
फार बोलत नाही म्हटलं ना.

आता निवृत्ती थेटे.
नाव निवृत्ती, अंगात क्षणाची स्वस्थता नाही.
दुकानात पहिल्यांदा आला तेव्हा सोळाचा,
छाती अठ्ठावीस, टेप धरू देईना, गुदगुल्या होतात म्हणे.
आठ नंबर त्यानंच मागितला,
का ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
मालेगावच्या सामन्यात खांदा निखळला,
बसला, पण पहिल्यासारखा नाही.
तेव्हापासून त्याची जर्सी डावीकडं
पाऊण इंच उतरती कापते.
हे डॉक्टरला माहीत आणि मला.
त्याच्या आईलाही नसेल.

चढाईला गेलेल्यानं एका दमात परतायचं असतं,
मधली रेषा शिवायची असते.
हा नांदूरचा पूल ओलांडून जेल रोडला गेला
आणि दम तुटला तो आमचा.
तिकडं पतपेढीत नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार.
मंडळाची पोरं गद्दार म्हणाली, भिंतीवर लिहिलं.
मी त्यांना झापलं,
अकरा वर्षांत आपण त्याला दिलं काय?
शाल, नारळ,
आणि मागचा ब्रेक नसलेली एक सायकल.

हे बाहेर बोलले.
रात्री मशीनवर बसून मी त्याला जे जे बोलले
ते या कागदावर बसायचं नाही.

परवा बुधवारी जेल रोडचा एक पोरगा आला,
त्यांचा टेलर गावी गेलेला, सामना रविवारी.
भगव्या कापडाचा गठ्ठा, बारा जर्स्या, मापांची यादी.
हाकलायला तोंड उघडलं होतं.
यादीत आठ नंबर दिसला.
छाती चाळीस, खांदे सतरा.
बस, एवढंच.
म्हणजे त्यानं तिकडं सांगितलं नाही.

अकरा जर्स्या यादीप्रमाणे झाल्या.
बाराव्या कापडावर कात्री ठेवून
चहा गार होईपर्यंत बसले.
सरळ कापली तर चूक माझी नाही, यादीची.
हात वर नेताना कापड काखेत दाटेल,
फार नाही, अर्धा क्षण,
आणि आमच्या कैलास पिंगळेला अर्धा क्षण पुरतो.
एकोणीसचा अंगठा समोर होताच.

खडूनं रेघ ओढली.
पाऊण इंच.
मजुरी मात्र रोख घेतली, घासाघीस करू दिली नाही,
वर अर्जंटचे वीस रुपये जास्त लावले.

रविवारी मी पुढच्या रांगेत,
दोरीला टेकून, नेहमीच्या जागी.
तो आमच्या अंगणात शिरला
की सगळ्यांच्या आधी मीच ओरडणार,
धर रे कैलास! सोडू नको त्याला!
घोट्याला धर, घोट्याला,
अरे खांद्याला नको